घोडा विकणे आहे : विकणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याची पारख

थ्रेड लांबलचक आहे. सवडीने वाचावा.

मागील महिन्यात सुप्याच्या एका मित्राने मला मोबाइलवरील एक जाहिरात पाठवली. सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातील, नगर-पुणे रस्त्यावरील आमचे सुपा. जाहिरातीत एका तांबूस घोड्याचे छायाचित्र होते आणि खाली मजकूर असा : अस्सल भीमथडी, शिवकालीन रक्ताचा, वय चार वर्षे, लग्नात नाचतो, बारीपुढे पळतो, लहान मुलेही निर्धास्त बसू शकतात, कोणतीही खोड नाही, वेळ देता येत नसल्याने विकणे आहे, अथवा निम्म्या भागीदारीत देणे आहे. किमतीपुढे ‘समक्ष बोलू’ असे लिहिले होते. मित्राची कन्या नऊ वर्षांची असून तिला घोड्याचे वेड लागले आहे. त्याने मला एवढेच विचारले की, ‘भीमथडी’ आणि ‘शिवकालीन’ हे इतिहासाच्या दृष्टीने खरे मानावे काय?

या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु दख्खनमध्ये घोडा विकणाऱ्याच्या शब्दाला फार जुना इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रसंग आमच्या शेजारच्याच तालुक्यात, जुन्नरला घडलेला आहे. तेव्हा तेथूनच आरंभ करतो.

इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. मूळचा त्वेर नगरीचा हा मनुष्य व्होल्गा नदीच्या मार्गाने निघाला, वाटेत लुटला गेला, आणि इराणमधून होर्मुझला पोहोचला. तेथे त्याला लोकांनी सांगितले की हिंदुस्थानात तुझ्या देशात खपेल असा माल विपुल आहे, आणि तेथे न्यावयाचा असेल तर घोड्यासारखा दुसरा नफ्याचा माल नाही. निकितिनने एक नर घोडा घेतला. येथवर आणण्याचा सारा खर्च धरता तो आपल्याला शंभर रुबलला पडला, अशी नोंद त्याने केली आहे. सारे भांडवल एका जनावरात गुंतलेले. आणि ते जनावर घेऊन समुद्रप्रवास.

चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने तेथेच काढला. तेव्हा जुन्नर बहमनी सलतनतीत होते आणि तेथे असदखान नावाचा अधिकारी होता. त्याच्या वरचा सरदार मलिक-उत-तुज्जार, म्हणजे सुप्रसिद्ध महमूद गावान. असदखानाने निकितिनचा घोडा ताब्यात घेतला. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे असे कळल्यावर त्याने अट घातली : धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, न बदललास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल. मुदत चार दिवसांची. ऐन वेळी खोरासानचा एक महंमद नावाचा अंमलदार जुन्नरला आला, त्याने मध्यस्थी केली, आणि घोडा व धर्म दोन्ही वाचले.

यानंतर निकितिनने जे लिहिले आहे ते या थ्रेडचे मूळ आहे. तो आपल्या देशबांधवांना कळवळून सांगतो की, मला खोटे सांगितले गेले. आमच्या देशासाठी येथे काहीच नाही. जो भेटला त्याने नफ्याचे तेवढे सांगितले. जकात, वाटेतील जोखीम, चाऱ्याचा खर्च आणि बळजोरी करणारे अधिकारी यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. अखेर तो घोडा बीदरला विकला गेला, तोही जवळजवळ वर्षभर पोसल्यानंतर. त्याला खाऊ काय घातले जाई? निकितिनच्याच नोंदीनुसार येथील घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देत. आता हिशेब करा. जनावर विकले जाईपर्यंत दररोज खात असते, आणि हा आकडा जाहिरातीत कधीच नसतो. तेव्हाही नव्हता.

(निकितिन मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही मात्र पोहोचली, म्हणून आपण हे वाचू शकतो.)

बीदरजवळ आळंद येथे वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरे आणि तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असेही तो लिहितो. संख्येत अतिशयोक्ती असू शकेल. प्रवासी आकड्यांच्या बाबतीत सढळ असतात. पण तो हेही लिहितो की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशीच होतात. हे मात्र शब्दशः घेऊ नये. येथे तट्टे होती, शेतकऱ्याच्या व लमाणाच्या कामाला ती पुरत. निकितिन ज्यांच्यात वावरला त्या व्यापाऱ्यांच्या लेखी मात्र ‘घोडा’ म्हणजे समुद्रापलीकडून आलेला, सरदाराने घ्यावा असा घोडा. ‘येथे पैदास होतच नाही’ हे वाक्य आयात करणाऱ्याच्या तोंडी किती सोयीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी मार्को पोलो याने आपल्या ठाण्याविषयी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटीत सापडतील तेवढे घोडे राजाचे, बाकी सर्व माल चाच्यांचा. सोने-चांदी सोडून घोडे मागणारा हा राजा वेडा नव्हता. पश्चिमेकडून हिंदुस्थानला येणारे जहाज घोड्यांवाचून सहसा येत नसे, असे पोलो सांगतो. दक्षिणेतील पांड्य राजांविषयी तर तो लिहितो की एकेक राजा वर्षाला दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेई आणि वर्षाअखेरीस त्यांतले शंभरही उरत नसत. कारण काय? हवामान तर होतेच. शिवाय घोडा कसा सांभाळावा हे ठाऊक नाही आणि नालबंद नाहीत. पुढची ओळ अधिक बोचरी आहे. घोडेव्यापारी स्वतः नालबंद आणत नसत, आणि दुसरा कोणी निघाला तर त्यालाही जाऊ देत नसत. घोडे जगले तर पुढल्या वर्षी विकावयाचे काय?

पोलोचे सर्वच खरे मानण्याचे कारण नाही. तरी विकणाऱ्याचा फायदा जनावर लवकर मरण्यात असू शकतो, हे त्याने नेमके टिपले आहे.

विजयनगरची हकीकत याच्याही पुढची. पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिश लिहितो की साळुव नरसिंह हा राजा होर्मुझ आणि एडनचे घोडे हजार परदावांना तीन या भावाने घेई, आणि जिवंत-मेलेले असा भेद करीत नसे. समुद्रात मेलेल्या घोड्याची केवळ शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण किंमत चुकती होई. हसू येते खरे. पण राजाला पुरवठा हवा होता, म्हणून प्रवासातील जोखीम त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. ज्या व्यवहारात मेलेल्या घोड्याचेही पैसे मिळतात, तेथे जहाजावर त्याला पाणी पाजण्याची तळमळ कोणाला असणार? १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या बंदरात ओढण्याचा चंग बांधला, आणि १५४७ मध्ये विजयनगरशी तह करून घोडे त्यांनाच द्यावयाचे, आदिलशहाला द्यावयाचे नाहीत, असे ठरवले. घोडा ही तेव्हा लष्करी सामग्री होती. आजच्या भाषेत बोलायचे तर रणगाडा. नगरला रणगाडा दलाचे केंद्र आहे, तेव्हा आमच्याकडील वाचकांना उपमा समजण्यास अडचण नसावी.

आता जाहिरातीतील दुसरा शब्द : भागीदारी.

घोडा वाटून वापरण्याचा इतिहास शोधू गेलो तर पहिली भेट फसवणुकीशीच होते. सरदाराने अमुक इतके स्वार बाळगावेत आणि त्याबद्दल पगार वा जहागीर घ्यावी, अशी व्यवस्था होती. पाहणीच्या दिवशी मात्र शेजारच्याचे घोडे उसने आणून उभे करावेत, आणि दुसऱ्या दिवशी तेच घोडे शेजाऱ्याच्या पाहणीस जावेत! यावर उपाय म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वाराचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत काढली. पुढे शेरशहाने आणि अकबराने ती पुन्हा चालू केली. तरी माणसे हुशारच. अकबराच्या काळचा बदायुनी कुरकुरतो की अमीर लोक विणकर, पिंजारी, सुतार, भाजीविके यांना गोळा करतात, भाड्याच्या घोड्यावर बसवतात, डाग देऊन घेतात आणि पाहणी संपली की ज्याला त्याला घरी पाठवतात. कागदावर फौज, मैदानात भाजीवाला.

मराठ्यांच्या फौजेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. बारगीर आणि शिलेदार हे दोन शब्द आपण सर्वजण वापरतो, पण त्यातील भेद अनेकदा निसटतो. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार सांगितला आहे, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पोलोच्या त्या गोष्टीनंतर हे वाचले की मला थांबावेसे वाटते. घोड्याच्या संख्येबरोबर पाणी देणारा आणि नाल मारणारा यांचीही संख्या बांधलेली आहे. घोडा घेणे म्हणजे हे दोघे घेणे, हे राज्याला समजलेले होते. आपल्याकडे नालबंद हे आडनाव आजही आहे; पुढच्या वेळी कानावर पडले तर ही नोंद आठवावी.

याच विषयावर शिवाजी महाराजांचे चिपळूण परिसरातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाची कथा म्हणून ते आपण ऐकतो. परंतु ते पत्र मूलतः वैरणीचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत आताच बेहिशेबी उधळलेत तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल आणि लोकांना मोगल बरे वाटतील. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा पेटता ठेवला आणि उंदराने वात पळवली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. घोडा बाळगणे म्हणजे उंदराचाही विचार करणे. जाहिरातीतील ‘वेळ देता येत नसल्याने’ हे चार शब्द मी या पत्रासमोर ठेवून पाहिले.

शिलेदाराची गोष्ट अधिक जीवघेणी होती. घोडा हे त्याचे भांडवल, आणि घोड्यावरच त्याची चाकरी. लढाईत घोडा मेला तर स्वार जिवंत राहूनही उपजीविकेतून उठला. त्यामुळे पारख चुकणे ही केवळ फजिती नव्हती. एका घराची कर्जबाजारी होण्याची ती सुरुवात असे. इंग्रजांनी हीच पद्धत उचलली. १८१७ च्या तहानुसार पेशव्याच्या खर्चाने उभी राहिलेली पूना ऑक्झिलरी हॉर्स, म्हणजे पुढची पूना हॉर्स, ही अशीच शिलेदारी तुकडी. तिचा शिरूरच्या छावणीशी बराच काळ संबंध होता; आणि शिरूर सुप्याहून दूर नाही. शिलेदारी रिसाल्यांत घोड्याच्या जागेला ‘असामी’ म्हणत. तिची खरेदी-विक्री होई. मेलेल्या घोड्याच्या बदल्यात नवा घेता यावा म्हणून सर्व स्वार दरमहा पैसे घालीत, त्या निधीला ‘चंदा’ म्हणत. भागीदारी चालते ती अशी : घोडा मेला तर काय, हे आधी ठरवून. १९१४ च्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मरू लागले की ही सारी रचना कोलमडली आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली.

येथे एक खुलासा. ‘पुणे-सुपे’ या शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे हे बारामती तालुक्यातले. आमचे सुपा ते नव्हे. आमच्याकडील काही उत्साही मंडळी समाजमाध्यमांवर ही जहागीर पारनेरला आणून ठेवतात, म्हणून सांगितले. आम्हाला निजामशाही पुरेशी आहे.

आता ‘अस्सल भीमथडी’ या शब्दांकडे वळतो. भीमा नदीच्या खोऱ्यात, स्थानिक तट्टू आणि बाहेरून आलेले अरबी, तुर्की रक्त यांच्या मिश्रणातून चिवट, बेताच्या उंचीचा, थोड्या दाण्यावर लांब पल्ला मारणारा घोडा तयार झाला. मराठ्यांच्या घोडदौडी त्याच्या पाठीवर झाल्या. म्हणजे ज्या गुणासाठी आपण या घोड्याचा अभिमान बाळगतो तो गुण मुळातच संकराचा आहे, आणि अशा घोड्याच्या बाबतीत ‘शुद्ध रक्त’ म्हणणे मला तरी विनोदी वाटते. संस्थाने आणि रिसाले गेल्यावर हा घोडा मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर राहिला. धनगरांचे वाडे स्थलांतराला निघतात तेव्हा बाजा, भांडी, कोंबड्या आणि लहान मुले ज्यांच्या पाठीवर असतात, ती घोडी पाहा. अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट. तिचा एक परिणाम असा की, काल ज्याला कोणी ‘तट्टू’ म्हणून हिणवले, तोच आज जाहिरातीत ‘शिवकालीन’ झाला. साडेतीनशे वर्षांची वंशावळ कोणत्याही भीमथडी घोड्याजवळ नाही. वंशावळ लिहून ठेवणारी माणसे त्याच्या नशिबी नव्हती.

‘कोणतीही खोड नाही’ हा मजकूर तर आणखी जुना. शालिहोत्राची परंपरा आणि नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्र यांत घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांची शुभाशुभ फळे दिली आहेत. फारसीतील फरसनामे हाच विषय चघळतात. (घोड्याच्या वैद्याला हिंदुस्थानी भाषेत सलोतरी म्हणतात, तो शब्द या शालिहोत्रापासून आला.) आजही सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत गेलात तर पंचकल्याणी, देवमण, अबलख असे शब्द कानी पडतील. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की भाव चढतो. भोवरा चुकीच्या जागी असला की उत्तम जनावरही पडून राहते. माझे स्पष्ट मत असे की या शास्त्राने घेणाऱ्याचे लक्ष कातडीवर खिळवून ठेवले. खूर, सांधे, श्वास, दृष्टी यांच्याकडे पाहावयाचे ते राहून जाते. ‘खोड नाही’ म्हणजे भोवरा वाईट नाही, की चावत नाही, लाथ मारत नाही, लंगडत नाही? विकणारा एक अर्थ मनात धरतो, घेणारा दुसरा. कुठे घोडे पेंड खाते ते येथे.

वयाचेही तसेच. घोड्याचे वय दातांवरून कळते. पाच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात जाऊन पक्के दात पूर्ण होतात. पुढे खालच्या दातांवरील खळगे क्रमाने झिजत जातात आणि आठव्या वर्षाच्या सुमारास दिसेनासे होतात. म्हणून जगभरच्या लबाड व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, काळे करून, खोटे खळगे पाडले. मोबाइलवरील छायाचित्रात तोंड उघडलेले नसते, त्यामुळे कोरण्याचे कष्टही वाचतात.

आणि वय खरे मानले तर? तिसऱ्या वर्षाच्या आसपास घोड्याला पाठीवर माणूस घेण्याची सवय लावतात. चौथ्या वर्षी तो वरातीच्या बँडला सरावलेला, बैलगाड्याच्या बारीपुढे भरधाव सुटणारा आणि त्याच वेळी नऊ वर्षांच्या मुलीला हळुवार फिरवणारा झाला असेल, तर त्याने रात्रशाळाही केली असावी. बारीपुढे पळणाऱ्या घोडीला गर्दीच्या आरोळीबरोबर सुटण्याचेच वळण असते. तिच्यावर शिकाऊ मूल बसवणे आणि वर ‘निर्धास्त’ म्हणणे, याला जाहिरातीची अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येत नाही. चुकले तर पडणारी मुलगी असते, आणि नंतर ‘खोडील’ म्हणून हातोहात विकला जाणारा तो घोडा असतो.

पूर्वीचा बाजार साधुसंतांचा होता असे माझे म्हणणे नाही. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव तिसऱ्याला कळू नये याचसाठी असे, आणि दलाल दोन्ही बाजूंचे खात असे. पण तापीकाठच्या वाळूत घोडा चालवून, पळवून, वळवून दाखवावा लागे. घेणारा त्याच्या पायाला हात लावी. आणि तोच दलाल पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली भेटे; फसवले असेल तर चारचौघांत विचारता येई.

राहिला कायदा. १८७२ चा भारतीय करार कायदा उघडा आणि कलम १७ पाहा. कपट म्हणजे काय हे समजावताना कायदेकर्त्यांनी उदाहरण घेतले ते घोड्याचेच. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. हे कपट नव्हे. घेणारी त्याची स्वतःची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. आणि तिसरी परिस्थिती : घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’, विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे गप्प राहणे बोलण्याइतकेच धरले जाते. निकितिनला होर्मुझच्या बंदरात हे वाक्य कोणी शिकवले असते तर त्याचा किती उपयोग झाला असता कोण जाणे. असदखानापुढे तर मुळीच नाही. परंतु आपण १८७२ च्या अलीकडे राहतो.

मित्राला मी हे तिसरे उदाहरण शब्दशः पाठवून दिले, आणि त्यासोबत चार प्रश्न : दात पाहण्यास पशुवैद्य आणू का, घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून दाखवाल का, गेल्या सहा महिन्यांत यावर कोणते मूल बसले आणि त्याच्या पालकांशी बोलता येईल का, भागीदारीत घोडा आजारी पडला तर वैरण आणि औषधाचा वाटा कोणाचा. त्याने ते जसेच्या तसे विकणाऱ्याला धाडले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले : ‘घेणारा माणूस इतके विचारत नाही.’ जाहिरात अजून तेथेच आहे. ‘लहान मुलेही’ ही ओळ तेवढी आता दिसत नाही.